अंग पिळण्याचं क्रियापद

नमस्कार श्रोतेहो. गोव्यात स्पॅनिश शिकणाऱ्या तरुणांसाठी आज एक क्रियापद घेऊ या. इंग्रजीतलं ‘स्क्वर्म’. शब्दकोशात अर्थ मिळेल ‘वळवळणे’, पण तेवढ्यावर थांबू नका. पहिल्या पावसात अंगणात आलेलं गांडूळ स्क्वर्म करतं, जत्रेच्या नाटकाला झोपेला आलेलं पोर करतं, आणि चारचौघांत नको तो विषय निघाला की मोठी माणसंही करतात. मराठीत आपण क्रियापदच बदलतो. गांडूळ वळवळतं, पोर चुळबुळतं, आजारी माणूस तळमळतो, अवघडलेला माणूस कानकोंडा होतो.

स्पॅनिशमध्ये यासाठी ‘रेतोर्सेर्से’. स्पेनच्या बहुतेक भागांत मधला ‘से’ ‘थे’सारखा म्हणतात, लॅटिन अमेरिकेत ‘से’च. शेवटचा ‘से’ मोलाचा आहे. तो सांगतो की पिळलं जातंय ते आपलंच अंग. तो काढून टाकला, की उरलेल्या ‘रेतोर्सेर’ने ओला कपडा पिळता येतो. आणि मराठी जिथे नवं क्रियापद आणते, तिथे स्पॅनिश पुढे ‘दे’ लावून कारण सांगते. ‘रेतोर्सेर्से दे दोलोर’ म्हणजे वेदनेने तळमळणं, ‘दे रिसा’ म्हणजे हसून हसून पोट धरणं. मला ही सोय फार आवडते, एका क्रियापदात दुःखही मावतं आणि हसूही. खुर्चीतल्या पोराला मात्र ते जड होतं. त्याच्यासाठी ‘रेमोवेर्से’ बरं.

ज्यांच्या घरात अजून पोर्तुगीज बोलणारं कुणी वडीलधारं आहे, त्यांनी जरूर विचारावं. ‘तोर्सेर’, म्हणजे पिळणं, त्यांना ठाऊक असेल. दोन्ही भाषांत ते लॅटिनमधून आलं आणि इंग्रजीतलं ‘टॉर्चर’ही त्याच मुळाचं. फुटबॉलवेड्या गोंयकारांना हेही सांगायला हवं, की ब्राझीलमध्ये ‘तोर्सेर’ म्हणजे आपल्या संघाला पाठिंबा देणं, आणि असा चाहता म्हणजे ‘तोर्सेदोर’. स्पॅनिशमध्ये त्याच ‘तोर्सेर’ला ‘से’ जोडला, की पाय मुरगळतो: ‘तोर्सेर्से एल तोबियो’.

बोलताना एक जागा सांभाळा. ‘मी’ म्हणताना ‘ओ’चा ‘उए’ होतो. ‘मे रेतोर्सो’ नव्हे, ‘मे रेतुएर्सो’. पण ‘आम्ही’ म्हणताना तो ‘ओ’ परत येतो: ‘नोस रेतोर्सेमोस’. दोन्ही रूपं जोडीनेच मोठ्याने म्हणून पाहा.