ट्यूबची मागची बाजू

पडद्यावर दिसणारी ट्यूब आणि तिच्या शेजारची बाटली जळगावच्या फुले मार्केटमधील एकाच दुकानातून घेतलेली आहेत. त्यांची नावे आम्ही कागदाने झाकली आहेत, कारण आपल्याला फक्त मागच्या बाजूला बारीक अक्षरांत छापलेली घटकांची यादी वाचायची आहे. त्वचेवरील मृत पेशी काढण्याचे काम दोन्हींवर सांगितले आहे. खानदेशातल्या न्हाणीघरात हेच काम टाचांसाठी वजरी आणि अंगासाठी डाळीचे पीठ पूर्वीपासून करत आले आहे.

ट्यूबच्या दर्शनी भागावर केशराचे चित्र आहे. यादी मात्र पाणी, ग्लिसरीन, ग्लिसरिल स्टिअरेट, अक्रोडाच्या कवचाची भुकटी, फिनॉक्सिइथेनॉल, सुगंध आणि मग केशराचा अर्क अशा क्रमाने जाते. भारतातील नियमांनुसार १ टक्क्याहून अधिक असलेले घटक उतरत्या प्रमाणात लिहावे लागतात आणि १ टक्का किंवा त्याहून कमी असलेले घटक त्यानंतर कोणत्याही क्रमाने लिहिता येतात. फिनॉक्सिइथेनॉल हे परिरक्षक १ टक्क्यापर्यंतच वापरता येत असल्याने यादी वाचणाऱ्याला ते मैलाच्या दगडासारखे उपयोगी पडते. त्याच्यापुढे जे लिहिले असेल ते १ टक्क्याच्या आतलेच असते, आणि चित्रातले केशर नेमके तिथे आहे. यादीच्या शेवटचा सीआय ७७४९१ हा आकडा तांबड्या लोह ऑक्साइडचा, म्हणजे ज्याच्यामुळे गेरू तांबडा दिसतो त्याच द्रव्याचा आहे. अक्रोडाचा वाटणारा रंग असा गेरूच्या घरचा निघतो. प्रत्यक्ष काम करते ती कवचाची भुकटी, आणि ते काम घासण्याचे असल्यामुळे दळण किती बारीक आहे आणि हाताचा जोर किती आहे यावर सारे अवलंबून राहते.

बाटलीत घासणारे काहीच नाही. पाण्याखालोखाल ग्लायकोलिक आम्ल, पुढे ग्लिसरीन आणि सोडियम हायड्रॉक्साइड अशी तिची यादी आहे; दर्शनी भागावर ७ टक्के हा आकडा ठळक आहे. हे आम्ल मृत पेशींना एकमेकींशी धरून ठेवणारे बंध सैल करते. सोडियम हायड्रॉक्साइड म्हणजे साबणासाठी वापरला जाणारा कॉस्टिक सोडा. तो चेहऱ्याच्या बाटलीत पाहून दचकायला होते, पण बाटलीत तो आम्लाशी संयोग पावतो आणि द्रावणाचा सामू, म्हणजे पीएच, वर आणतो; सामू जितका कमी तितके द्रावण अधिक आम्लधर्मी. सामू ३.८ च्या आसपास असेल तर सुमारे निम्मे आम्ल मुक्त रूपात राहते आणि ४.८ झाला तर जेमतेम दहावा भाग उरतो. त्वचेत शिरते ते मुख्यतः हे मुक्त आम्ल. म्हणून ७ टक्के लिहिलेल्या दोन बाटल्यांपैकी एक झणझणीत आणि दुसरी अगदी मवाळ असू शकते. आमच्या बाटलीवर सामू छापलेला नाही, आणि आमच्या मते यादीतली खरी उणीव हीच आहे.

तेलकट चेहऱ्यावरच्या पुटकुळ्यांसाठी सॅलिसिलिक आम्लाची तिसरी बाटलीही त्याच दुकानात होती. ते आम्ल तेलात विरघळत असल्याने रंध्रांतल्या तेलापर्यंत पोहोचते. ग्लायकोलिक आम्ल पाण्यात विरघळणारे आहे.

बाटलीच्या कडेला, यादीपासून दूर, एक ओळ आहे: वापराच्या काळात सनस्क्रीन लावावे. ग्लायकोलिक आम्लामुळे त्वचा उन्हाला अधिक संवेदनशील होते आणि वापर थांबवल्यावर साधारण आठवडाभरात ती पूर्ववत होते. मे महिन्यात पारा ४३ अंशांपलीकडे जाणाऱ्या भुसावळ-जळगावच्या पट्ट्यात ही ओळ दर्शनी भागावर हवी होती. सावळ्या त्वचेवर जळजळीमागून काळे डाग राहण्याचा धोका जास्त असतो, मग ती जळजळ आम्लाची असो वा जोराने घासलेल्या अक्रोडाची. दिवसभर कापूस वेचायला जाणाऱ्या बाईने ही बाटली घेतलीच, तर ती रात्रीची ठेवावी आणि सकाळी सनस्क्रीन लावून वर डोक्यापासून गालापर्यंत रुमाल बांधावा. तिच्या भेगाळलेल्या टाचांच्या जाड कातडीवर मात्र या ७ टक्क्यांचा फारसा प्रभाव पडणार नाही. तिथे वजरीच हवी.