पिवळ्याचा निळा: शेजारच्या प्लॉटचा झोन बदलतो तेव्हा

[दृश्य: वर्तमानपत्राचं आतलं पान. बोट एका जाहीर सूचनेवर थांबतं.]

नाव बदलल्याच्या आणि हरवलेल्या दस्तांच्या जाहिरातींमध्ये ही चार बोटांची सूचना. सर्व्हे नंबर, हिस्सा नंबर, 'रहिवास विभागातून वाणिज्य विभागात', आणि खाली 'कलम 37'. सोसायटीचं नाव कुठेच नाही. त्यामुळे ज्यांच्या खिडकीसमोर हा प्लॉट आहे, तेही पान उलटतात.

हे कलम महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 मधलं. मंजूर विकास योजनेत, म्हणजे कोणती जमीन कोणत्या वापराची (झोन) हे ठरवणाऱ्या आराखड्यात, फेरबदल करता येतो, पण त्यानं योजनेचं मूळ स्वरूप बदलता कामा नये. आधी महापालिकेचा किंवा नगरपरिषदेचा ठराव, मग राजपत्रात सूचना, हरकतींना एक महिना, सुनावणी, आणि प्रस्ताव शासनाकडे. मंजुरी शासनाची. सभागृहात ठराव झाला की झोन बदलला, असं समजून लोक हातपाय गाळतात. प्रत्यक्षात तिथून पुढेच हरकतीची वेळ सुरू होते.

[दृश्य: भाग नकाशा. जवळून.]

नगररचना विभागात अर्ज करून भाग नकाशा (विकास योजनेच्या नकाशातला त्या प्लॉटपुरता तुकडा) आणि झोन दाखला घ्या. पिवळा रंग रहिवास, निळा वाणिज्य. मात्र रंगापेक्षा रस्ता बघा. नकाशावर 18 मीटर लिहिलेलं असतं आणि जागेवर टेप लावला की नऊच भरतात, कारण रुंदीकरणाची पट्टी अजून ताब्यात आलेली नसते. तिथे कुणाची कंपाउंड भिंत असते, कुणाची टपरी. दोन्ही टोकांना आणि मध्ये, अशी तीन ठिकाणी रुंदी मोजा. फोटोत टेपवरचा आकडा दिसला पाहिजे.

मग पार्किंग. चारचाकीला अडीच मीटर बाय पाच, दुचाकीला एक बाय दोन. कागदावर हे तळघरात बसतंही. पण पाच मिनिटांसाठी औषध घ्यायला आलेला माणूस रॅम्प उतरून तळघरात जात नाही, तो तुमच्या गेटसमोर साइड स्टँड लावतो.

[दृश्य: आवक-जावक खिडकी. शिक्का उमटतो.]

हरकतीत सर्व्हे नंबर, सूचनेची तारीख आणि एकेक मुद्दा आकड्यासह लिहा. 'परिसराची शांतता भंग होईल' एवढ्यावर भागत नाही. एकाच मजकुराच्या दोनशे झेरॉक्स दिल्या, तरी सुनावणीत त्यांचा मुद्दा एकच. एकानं रस्ता घ्यावा, दुसऱ्यानं ड्रेनेज, तिसऱ्यानं शाळेचं फाटक. आवक क्रमांकाची पोच जपून ठेवा, आणि हरकतीतच सुनावणीची मागणी लिहा.

[दृश्य: रहिवासी इमारत, तळमजल्यावर शटर.]

पुष्कळदा मात्र झोन बदलावाच लागत नाही. डिसेंबर 2020 मध्ये, मुंबई आणि काही क्षेत्रं सोडून, राज्याला एकच विकास नियंत्रण नियमावली लागू झाली. तिच्यात दाट वस्तीत 9 मीटर, त्याबाहेर 12 मीटर किंवा अधिक रुंद रस्त्यावरच्या रहिवासी प्लॉटवर दुकानं-ऑफिसांना बरीच मोकळीक आहे. अशा ठिकाणी कलम 37 ची सूचना निघतच नाही. वाट बघत बसण्यात अर्थ नाही; मंजूर बांधकाम नकाशा माहिती अधिकारात मागवा आणि कोणत्या मजल्यावर कोणता वापर लिहिलाय ते वाचा. आणि 'एनए झालंय' या उत्तरावर परत फिरू नका. जमीन अकृषिक असणं वेगळं, झोन वेगळा.

[दृश्य: राजपत्र. अटींचा परिच्छेद.]

फेरबदल मंजूर झालाच, तर अधिसूचना शेवटपर्यंत वाचा. अटी बहुधा तिथे असतात: पोहोच रस्ता, सोडायची मोकळी जागा. हीच प्रत बांधकाम परवानगी विभागात लेखी अर्जासोबत द्या, भोगवटा प्रमाणपत्र (इमारत वापरायची परवानगी) निघायच्या आधी. ते एकदा हातात पडलं की शटर उघडतात, आणि अटीतला रस्ता नकाशावरच राहतो.