बिटकॉइनची भाऊबंदकी

मंडळी, 1 ऑगस्ट 2017 रोजी बिटकॉइनची वाटणी झाली. व्यवहारांचे गठ्ठे, म्हणजे ब्लॉक, एकामागून एक जोडून बिटकॉइनची साखळी बनते. या ब्लॉकचा आकार वाढवावा की नाही, हा वाद काही केल्या मिटेना. शेवटी मोठ्या ब्लॉकवाला गट आठ मेगाबाइटचा ब्लॉक घेऊन वेगळा निघाला, आणि बिटकॉइन कॅश, थोडक्यात कॅश, हे नवं नाणं आलं. जुन्या नोंदी दोघांच्याही त्याच. त्यामुळे ज्याच्याकडे एक बिटकॉइन होतं, त्याच्या नावावर एक कॅशही लागलं. फुकटचे पैसे मिळाले, असं लोक म्हणाले. मला ते मुळीच मान्य नाही.

ही दोन्ही नाणी एकाच प्रकारच्या यंत्रांवर निघतात. यंत्रं चालवून ब्लॉक काढणारे आणि त्याबदली नवी नाणी मिळवणारे ते माइनर. ते सकाळी एकीकडे, संध्याकाळी दुसरीकडे. बिटकॉइनची डिफिकल्टी, म्हणजे ब्लॉक काढणं किती अवघड ते ठरवणारा आकडा, दर 2016 ब्लॉकनंतर, म्हणजे साधारण दोन आठवड्यांनी बदलते. नव्या साखळीकडे माइनर थोडे, तेवढा काळ ती तग धरू शकली नसती. म्हणून तिथे आणीबाणीचा नियम घातला: सहा ब्लॉक निघायला बारा तासांहून जास्त लागले, की डिफिकल्टी 20 टक्क्यांनी खाली.

माइनरांनी हे बरोबर हेरलं. डिफिकल्टी पडेपर्यंत थांबायचं, पडली की तुटून पडायचं. तेव्हा एका ब्लॉकला साडेबारा नाणी, आणि ब्लॉक धडाधड निघतायत! 2016 ब्लॉक पूर्ण झाले की डिफिकल्टी चढायची, यंत्रं परत बिटकॉइनवर जायची आणि कॅशची साखळी तासन्‌तास अडून बसायची. यंत्रं तिकडे असताना इकडे बिटकॉइनचे ब्लॉक रेंगाळायचे, व्यवहाराची फी वाढायची. ही फी भरली कुणी? ज्याला खरोखर कुणाला तरी पैसे पाठवायचे होते, त्याने. याची मला आजही चीड येते.

नोव्हेंबरमध्ये तर कहर झाला. 8 तारखेला बिटकॉइनचा ब्लॉक दुप्पट करण्याची सेगविट2एक्स ही योजना बारगळली. तेव्हा सहाशे डॉलरच्या आसपास असलेलं कॅश 12 तारखेला दोन हजारांच्या वर गेलं, बिटकॉइन सहा हजारांखाली आलं. चार दिवसांत कॅशने कुठली दुकानं जिंकली होती? एकही नाही. दुसऱ्याच दिवशी तो आणीबाणीचा नियम काढून टाकला.

एक्स्चेंजची, म्हणजे ही नाणी खरेदी-विक्री करायच्या बाजारांची, ताकदही तेव्हाच कळली. 19 डिसेंबरला कॉइनबेस या एक्स्चेंजने कॅश आपल्या यादीत घेतलं, भाव उसळला आणि काही मिनिटांत व्यवहार थांबवावे लागले. बातमी आधी फुटली का, याची कंपनीने चौकशी केली. त्यात गैर काही आढळलं नाही. पण भाव हलवायला यादीतली एक ओळ पुरते, हे सगळ्यांना दिसलं.

15 नोव्हेंबर 2018 रोजी कॅशचीही वाटणी झाली आणि बिटकॉइन एसव्ही हे आणखी एक नाणं निघालं. दोन्ही बाजूंनी तोटा सोसून यंत्रं चालवली. एसव्हीचा मोठा आधार होता क्रेग राइट यांचा दावा, की बिटकॉइनचा अज्ञात निर्माता सातोशी नाकामोतो मीच. त्या दाव्यावर विसंबून लोकांनी पैसे घातले. राइट हे सातोशी नाहीत, हा लंडनच्या उच्च न्यायालयाचा निर्णय यायला मार्च 2024 उजाडावा लागला.