तोलाईदाराची खतावणी : खलनायकाच्या डोळ्यांनी 24 पानांचं कॉमिक

(दृश्य : पहाट. आयर्विन पूल, खाली कृष्णा. पाणी मोजायची पट्टी जवळून.)

सांगलीचा आयर्विन पूल, 1929 सालचा. पावसाळ्यात अख्खं शहर एकच प्रश्न विचारत असतं, "पाणी किती फुटावर?" 40 फूट म्हणजे इशारा, 45 म्हणजे धोका. 2019 च्या ऑगस्टमध्ये हा आकडा 57 च्याही वर गेला होता.

आता अशाच एका पुरात आभाळातून एक वीर उतरतो असं समजा. पुलापाशी उभा राहतो, दोन्ही हातांनी लोंढा अडवतो, वळवतो आणि शहर वाचतं. नेहमीचं कॉमिक इथं संपतं. आपलं इथं सुरू होतं, कारण वळवलेलं पाणी कुठंतरी गेलंच ना!

(दृश्य : हरिपूर. कृष्णा-वारणेचा संगम. मग एका पेवाचं तोंड, वरून.)

ते गेलं खाली, हरिपुराकडे. हरिपूर हळदीच्या पेवांचं गाव. पेव म्हणजे जमिनीत खणलेलं कोठार. तोंड अरुंद, एक माणूस जेमतेम उतरेल एवढं. आत मात्र रांजणासारखं पोट, वीस-पंचवीस फूट खोल. इथली माती अशी, की आतली हळद वर्षानुवर्षं टिकते. 2005 च्या महापुरात यातल्या पुष्कळ पेवांत पाणी शिरलं. एवढं खरं. पुढचं सगळं कॉमिक.

आपला खलनायक मार्केट यार्डातला तोलाईदार आहे. आयुष्यभर दुसऱ्याच्या मालाचं वजन केलेला माणूस. त्याच्या घरची हळद त्या पेवात होती. त्याला मिळालेली शक्ती त्याच्या कामातूनच येते : ज्या वस्तूला हात लावेल तिचं वजन तो वाढवू किंवा घटवू शकतो. पोतं पिसासारखं, पीस पोत्यासारखं. आणि ज्या वीराला शहर डोक्यावर घेतं त्याचं वजन शून्य. तोलाईदाराच्या काट्यावर न बसणारा जगातला एकमेव माणूस. वैर तिथंच तयार झालं.

खलनायकाच्या बाजूनं लिहायचं म्हटलं, की पहिली चूक ठरलेली. लेखक त्याला इतका समजून घेतो, की आठव्या पानावर तो नायकच होऊन बसतो आणि खरा नायक मूर्ख किंवा दुष्ट ठरतो. नुसते कपडे बदलले, गोष्ट तीच. यावर उपाय एकच : खलनायकाचा हिशेब तंतोतंत बरोबर ठेवा, फक्त एक आकडा चुकू द्या. तो आकडा कोणता, हे पेन्सिल हातात घेण्याआधी ठरलेलं पाहिजे.

(दृश्य : लाल कापडी बांधणीची खतावणी उघडते. डावीकडे जमा, उजवीकडे नावे.)

या कॉमिकमध्ये निवेदनाच्या चौकटी नाहीत. त्यांच्या जागी तोलाईदाराची खतावणी आहे. वीराच्या नावानं एक पान उघडलेलं. उजवीकडे, नावे : हळद इतकी पोती, पेव एक, भिंत एक, बैल दोन. ओळीओळीनं वीराचं देणं वाढत जातं. एकही नोंद खोटी नाही. डावीकडचा जमेचा रकाना मात्र 23 पानं कोरा राहतो. पुलाच्या अलीकडे जी माणसं जगली, ती त्यानं कधी मांडलीच नाहीत. माणसाला भाव नसतो, म्हणून त्याच्या वहीत माणूस बसत नाही. चुकलेला आकडा हाच. वाचकाला तो सहाव्या-सातव्या पानापासून दिसायला लागावा, तोलाईदाराला अगदी शेवटी.

यासाठी लिहिताना शेजारी एक तक्ता हवा : प्रत्येक पानावर तोलाईदाराला काय ठाऊक आहे आणि वाचकाला काय. दोन्ही रकाने सलग चार पानं सारखेच राहिले, तर ती चार पानं मेली समजा.

(दृश्य : जुन्या अमेरिकी कॉमिक्सचा गठ्ठा. एका मुखपृष्ठाच्या कोपऱ्यावरचा शिक्का.)

अशी कथा पूर्वी का होत नव्हती, याचं उत्तर या शिक्क्यात आहे. 1954 मध्ये अमेरिकी प्रकाशकांनी स्वतःवरच एक नियमावली घालून घेतली, कॉमिक्स कोड. ती पाळलेल्या अंकावर हा शिक्का. गुन्हेगाराबद्दल सहानुभूती वाटेल असं काही दाखवायचं नाही, आणि शेवटी चांगल्याचाच विजय झाला पाहिजे. 1971 मध्ये नियम थोडे सैल झाले. 1975 मध्ये डीसी या प्रकाशनानं बॅटमॅनच्या वैऱ्याला, जोकरला, स्वतःची मालिका दिली, पण नियमापायी त्याला दर अंकात शिक्षा व्हायची. मालिका नऊ अंकांत थांबली. ज्याला दर अंकाच्या शेवटी हरायचंच आहे त्याच्या नजरेनं गोष्ट कशी पुढं जाणार? मार्व्हलनं हा शिक्का 2001 मध्ये सोडला, डीसीनं 2011 मध्ये.

(दृश्य : अंधार. मशालीवर राळ पडते, भपकन पिवळा उजेड.)

सांगलीत मात्र खलनायकाला मान आधीपासून. 1843 मध्ये विष्णुदास भाव्यांनी इथं सीता स्वयंवराचा खेळ केला. मराठी रंगभूमी आपलं वय तिथून मोजते. त्या पौराणिक खेळांत राक्षसांचा प्रवेश म्हणजे राळेचा भडका आणि "अलल् डुर्रर्र" अशी आरोळी. देव शांतपणे यायचे, राक्षस मांडव हलवत यायचे. आपल्या तोलाईदाराचा पहिला प्रवेश त्याच घराण्यातला आहे, म्हणून तो पान उलटल्यावरच दिसला पाहिजे. पहिलं पान उजव्या हाताला येतं. म्हणजे विषम पान उजवीकडे, आणि ते उलटलं की समोर सम पान. धक्का नेहमी सम पानावर. तिसऱ्या पानाच्या शेवटच्या चौकटीत फक्त काट्याची साखळी, "खळ्ळ". चौथं पान अख्खं त्याचं.

(दृश्य : कार्डशीटवर काढलेली 24 छोटी पानं. हात एका चौकटीवर थांबतो.)

आता नजर. सगळ्यात अवघड भाग हाच आहे.

खलनायकाची नजर म्हणजे प्रत्येक चौकट त्याच्या डोळ्यांतून, असं करून चालत नाही. सलग पाच-सहा चौकटींत तो स्वतः दिसलाच नाही, तर आपण कुणाच्या डोळ्यांनी बघतोय हे वाचक विसरतो. तिसऱ्या-चौथ्या चौकटीला त्याचा हात, खांदा, टोपीची कड, काहीतरी आत आलं पाहिजे. खांद्यावरून घेतलेली चौकट सगळ्यात भरवशाची.

वीर कायम खालून दिसतो. पाठीमागं सूर्य, चेहरा काळोखात. पोतं उचलणाऱ्या माणसाला उडणारा माणूस असाच दिसणार. त्याचा चेहरा पहिल्यांदा 22 व्या पानावर, आणि तोही वरून.

दिशेचंही तसंच. मराठी आपण डावीकडून उजवीकडे वाचतो. डोळा ज्या दिशेनं जातो त्या दिशेनं धावणारा माणूस आपला वाटतो, म्हणून नायकाला डावीकडून आणायची पद्धत. इथं ती दिशा तोलाईदाराला द्यायची. वीर उजवीकडून, वाचनाच्या विरुद्ध अंगावर येतो. सोयही होते : डावीकडच्या माणसाचा संवादाचा फुगा आधी वाचला जातो, म्हणजे प्रत्येक भांडणात पहिला शब्द तोलाईदाराचा. त्यांच्या जागा मधेच अदलाबदल करू नका. करायचीच तर एकदाच, 22 व्या पानावर.

आवाजाच्या बाबतीत मराठी श्रीमंत भाषा आहे. पीस पडलं तर अलगद, पोतं पडलं तर धप्प, काटा पडला तर धाडकन. वजनावर जगणाऱ्या पात्राला ही चढती भाजणी आयती मिळते. जड आवाजाची अक्षरं रुंद आणि चौकटीच्या तळाला टेकलेली काढा. आणि वीराला आवाजच देऊ नका. तो उतरतो तेव्हा काही वाजत नाही. ज्याचं वजन नाही त्याचा आवाज कुठला?

(दृश्य : ए-थ्री कागद, मोजपट्टी, निळी पेन्सिल.)

कागद ए-थ्री. त्यात 10 बाय 15 इंचांची चौकट आखायची. छापताना ती दोन तृतीयांश होते, म्हणजे साधारण पावणेसात बाय दहा. अमेरिकी चित्रकार 11 बाय 17 च्या कागदावर काम करतात, पण तो ए-थ्री स्कॅनरमध्ये बसत नाही. अर्धा इंच बाहेर राहतो आणि प्रत्येक पान दोनदा स्कॅन करून जोडावं लागतं. कच्चं रेखाटन फिक्या निळ्या पेन्सिलीनं करा, स्कॅन करताना निळा सहज गाळता येतो. शाईची रेघ 600 डीपीआयवर स्कॅन करायची. सांगलीचा ऑगस्ट असेल तर कागद आदल्या रात्रीपासून प्लास्टिकच्या पिशवीत बंद ठेवा. ओल धरलेल्या कागदावर शाई फुटते आणि केसाएवढी रेघ सुरवंट होते. तसं झालं तर खरवडत बसू नका, ती चौकट वेगळ्या कागदावर काढून चिकटवा.

(दृश्य : संगणकाचा पडदा. एका फुग्यातली अक्षरं विस्कटलेली.)

अक्षरांवर मराठी कॉमिकचा सगळ्यात जास्त घात होतो. इंग्रजी कॉमिकची ठेवण मोठ्या लिपीतल्या अक्षरांसाठी आहे, ओळी एकमेकींना चिकटून. देवनागरीला वर रफार नि वेलांटी, खाली उकार. 10 पॉइंटच्या अक्षराला ओळींतलं अंतर 14 पॉइंट लागतं. त्याहून कमी केलं, की खालच्या ओळीचा रफार वरच्या ओळीच्या उकारात अडकतो. म्हणून मराठी फुगा मुळातच मोठा काढायचा. एका फुग्यात 20 शब्द, एका पानावर 100, त्यापुढं नाही. फुगा मोठ्यानं वाचून बघा. एका दमात संपला नाही तर तोडा.

पडद्यावर दिसतोय तो घोटाळा नेहमीचा. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या मागं जाऊन बसलीय, जोडाक्षरं पाय मोडून सुटी झालीत. फाँट बिघडलेला नाही. इनडिझाइन या पानं जुळवायच्या सॉफ्टवेअरमध्ये परिच्छेदाला वर्ल्ड-रेडी कंपोजर हा पर्याय निवडला नाही, की असं होतं. दुसरी अडचण ऱ्याची. जुन्या फाँटमधून युनिकोडमध्ये मजकूर आणताना "दऱ्या"चं "दर्या" होतं आणि डोंगरातल्या दरीऐवजी समुद्र उभा राहतो. रूपांतर झालं की "र्य" आणि "र्ह" शोधून प्रत्येक जागा डोळ्यांनी तपासा. शेवटची पीडीएफ अक्षरांच्या आउटलाइन, म्हणजे नुसते आकार, करूनच द्या, म्हणजे छापखान्याच्या संगणकावर फाँट असो वा नसो.

(दृश्य : हळकुंड कापलं जातं. शेजारी छापील रंगांची पट्टी.)

तोलाईदाराचा रंग हळदीचा. छपाईत हळद सांभाळायची तर पिवळा 100 टक्के, किरमिजी 20 ते 25, निळा शून्य. पाच टक्के निळा जरी शिरला तरी हळद हिरवट, आजारी दिसते. वीराचा अंगरखा निळा, म्हणून दोघं एका चौकटीत आले की रंगच भांडतात. फुग्यातली अक्षरं फक्त काळ्या शाईत. चार रंग मिळून काळा केला आणि मशीनवर रजिस्टर, म्हणजे रंगांची एकमेकांवरची जुळणी, केसभर हललं, तर प्रत्येक काना दुहेरी दिसतो.

पानं चारच्या पटीत असली म्हणजे सेंटर पिन बसते. आतली 24, वर मुखपृष्ठाची चार. कापणीसाठी चारही बाजूंना तीन मिलीमीटर रंग बाहेर सोडा. छपाईला देण्याआधी साध्या कागदाची डमी घडी घालून, पिन मारून, खरोखर उलटून बघा. चौथ्या पानाचा धक्का पाचव्यावर गेलेला इथंच कळतो.

(दृश्य : पेवाचं तोंड. दोरीला बांधलेला कंदील खाली सोडला जातो.)

आणि शेवट. पेव उघडलं की लगेच आत उतरत नाहीत. बंद पेवात श्वासाला हवा नसते. आधी तोंड उघडं ठेवतात, मग पेटता कंदील सोडतात. तो विझला तर कुणी उतरायचं नाही. हे तोलाईदाराला ठाऊक आहे, वीराला नाही. 21 व्या पानावर एक हमाल आत पडलेला आहे आणि वीर सरळ उडी घेतो. 22 व्या पानावर तो वर बघतो, पहिल्यांदाच खालून, तोंड उघडं, श्वास नाही. तोलाईदार आता डावीकडे नाही, उजवीकडे उभा आहे. हातात दोरी. 23 व्या पानाच्या शेवटच्या चौकटीत कंदिलाची वात विझते.

पान उलटलं की दोरीचा पीळ पानभर. दोन माणसं वर येताहेत. वीराला वजन नाहीच, हमालाचं तोलाईदारानं पिसाएवढं केलंय. त्याच्या तळहाताला मात्र काहीतरी जाणवतंय. खाली कोपऱ्यात खतावणी उघडी. जमेच्या रकान्यात पहिली ओळ : "माणूस 1". वजनाची जागा कोरी.

ही ओळ फाँटमध्ये टाकू नका. बोरूनं लिहा, 600 डीपीआयवर स्कॅन करा आणि शाईचा ओघळ तसाच राहू द्या.