पाखरं उडाली, गोफण चालूच

(दृश्य: टेबलावर डावा हात. तर्जनी अंगठ्यावर भराभर आपटतेय.)

एचआयव्ही असलेल्या माणसाचा मेंदू मंदावतोय का, हे बघायची ही छोटी चाचणी. ५ सेकंदांत १५ वेळा. बोटं पूर्ण उघडून आपटायची, तीही रोज कामाला न लागणाऱ्या हातानं. १५ भरले तर ४ गुण, ११ ते १४ ला ३. मग मूठ, पालथा पंजा, उभा पंजा हा क्रम १० सेकंदांत ४ वेळा. आधी ऐकवलेले चार शब्द शेवटी सांगायचे. एकूण गुण १२. १० किंवा कमी आले तर पुढचा तपास. लिहिता-वाचता येण्याची गरज नाही.

एचआयव्हीचा मेंदूवरचा परिणाम असा बोटांत लवकर दिसतो, कारण हालचालींचा वेग सांभाळणारा मेंदूचा खोल भाग त्याच्या तावडीत लवकर सापडतो. विसरभोळेपणापेक्षा मंदपणा आधी येतो. घरचे मात्र म्हणतात, आळशी झाला.

विषाणू मज्जापेशींना (मेंदूतल्या निरोप पोहोचवणाऱ्या पेशींना) थेट मारत नाही, त्यांच्यात शिरतही नाही. तो रक्तातल्या मोनोसाइट पेशींवर स्वार होऊन मेंदूत पोहोचतो आणि तिथल्या राखणदार मायक्रोग्लिया चेततात. ज्वारीच्या शेतात पाखरं उडाली तरी गोफण फिरतच राहावी आणि कणसं आपलीच झडावीत, तसं होतं. चेतलेल्या पेशी क्विनोलिनिक आम्ल सोडतात, ते मज्जापेशींना विषारी. मज्जापेशींत कॅल्शियम घुसतं, त्यांच्या फांद्या आखडतात.

एचआयव्हीच्या गोळ्यांनी व्हायरल लोड, म्हणजे रक्तातल्या विषाणूंचं प्रमाण, दबला तरी हे पूर्ण का थांबत नाही? एक कारण आतड्यात आहे. तिथल्या सी.डी.४ पेशी (प्रतिकारशक्तीच्या पेशी) सुरुवातीलाच मरतात, भिंत पाझरते, जिवाणूंचे तुकडे रक्तात येऊन मोनोसाइटना जागं ठेवतात. रक्तातला सी.डी.४ चा आकडा एकदा जितका खोल गेला, तितका धोका जास्त. २०१७ पासून भारतात तर हा आकडा न बघता लगेच उपचार सुरू होतात.

(दृश्य: नंदुरबार स्टेशन. बोचकी, कोयते, लेकरं.)

दिवाळीनंतर इथली माणसं ऊसतोडीला गुजरातेत जातात. फडातल्या कोपीवर (झोपडीवर) गोळ्या संपल्या की विषाणू उसळतो आणि मेंदूतला भडकाही. निघतानाच जास्त दिवसांच्या गोळ्या मागून घ्याव्यात. दुसरी चूक साधी वाटते: पित्ताचं पातळ औषध त्याच घोटात. डोल्युटेग्रॅविर (एचआयव्हीच्या गोळ्यांतलं औषध) त्याच्या २ तास आधी किंवा ६ तास नंतर घ्यायचं, नाहीतर ते अंगी लागत नाही. टीबीचं रिफॅम्पिसिन चालू असेल तर डोल्युटेग्रॅविरचा डोस दिवसातून दोनदा, पण तो डॉक्टरांनीच ठरवायचा.

गुण कमी आले म्हणून लगेच विषाणूवर खापर नको. बी-१२, थायरॉईड, दारू, नैराश्य आधी तपासायचं. ताप आणि डोकेदुखी असेल तर थांबायचं नाही, टीबी किंवा क्रिप्टोकॉकस या बुरशीचा मेंदूज्वर असू शकतो.

रक्तातला व्हायरल लोड दबलेला आणि माणूस मात्र मंदावतोय, असं दिसलं तर पाठीतलं पाणी (मेंदूभोवतीही तेच असतं) काढतात. त्याच दिवशीचं रक्तही लागतं, नाहीतर तुलना होत नाही. पाण्यात विषाणू जास्त निघाला तर तज्ज्ञ गोळ्या बदलण्याचा विचार करतात.