लघवीतून जाणारं प्रथिन

(दृश्य: अंधारात मेणबत्तीची ज्योत. तिच्यावर धरलेला चमचा.)

साल 1827. लंडनच्या गाईज हॉस्पिटलमधले डॉक्टर रिचर्ड ब्राइट अंगावर सूज आलेल्या रुग्णांची लघवी चमच्यात घेऊन मेणबत्तीवर तापवत. काहींची लघवी तापली की पांढरट आणि दाट व्हायची. ते प्रथिन होतं. असे रुग्ण दगावल्यावर शवविच्छेदन केलं, तर त्यांची मूत्रपिंडं बिघडलेली आढळत. अंगावरची सूज, लघवीतलं प्रथिन आणि आतला आजार यांची सांगड ब्राइट यांनी घातली.

(दृश्य: मूत्रपिंडाचा छेद. कॅमेरा आत शिरतो.)

एकेका मूत्रपिंडात सरासरी दहा लाख नेफ्रॉन, म्हणजे रक्त गाळून लघवी तयार करणारे सूक्ष्म घटक, असतात. प्रत्येक नेफ्रॉनच्या तोंडाशी केशवाहिन्यांचा एक गुंता असतो, त्याला ग्लोमेरुलस म्हणतात. इथे रक्त गाळलं जातं. दिवसभरात सुमारे 180 लिटर द्रव गाळला जातो आणि त्यातला बहुतेक सगळा शरीर परत घेतं. लघवी म्हणून बाहेर पडतो तो जेमतेम दीड-दोन लिटर.

गाळणीचे थर तीन: रक्तवाहिनीचं छिद्रं असलेलं अस्तर, मधला पातळ पडदा आणि बाहेरून वेढा घालून बसलेल्या पोडोसाइट नावाच्या पेशी. पाणी, क्षार, युरिया सहज पार होतात. अल्ब्युमिन हे रक्तातलं मुख्य प्रथिन मात्र अडवलं जातं. म्हणूनच निरोगी माणसाच्या लघवीतून दिवसाला 150 मिलिग्रॅमपेक्षा कमी प्रथिन जातं, आणि त्यात अल्ब्युमिन 30 मिलिग्रॅमच्या आतच.

मधुमेह आणि उच्च रक्तदाब वर्षानुवर्षं ताब्यात नसले, की या थरांवर ताण येतो. पोडोसाइट गळू लागतात, आणि गळलेल्या पेशींची जागा सहसा भरून निघत नाही. ग्लोमेरुलसला सूज आणणारे इतर आजारही आहेत, ल्युपस त्यातलाच एक. प्रथिन पाझरू लागतं, आणि पुढच्या सूक्ष्म नळ्यांनाही त्याचा त्रास होतो.

या काळात माणसाला काय जाणवतं? बहुतेक वेळा काहीच नाही. दुखत नाही, जळजळत नाही. लघवीला न विरणारा फेस, पायांवर किंवा सकाळी डोळ्यांभोवती सूज, ही लक्षणं दिसतात तोवर गळती बरीच वाढलेली असते. नुसत्या फेसावरून निदानही होत नाही. जोराच्या धारेनेही फेस येतो.

आणि इथेच अनेकांची फसगत होते. रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाने बाहेर टाकायचा स्नायूंमधला टाकाऊ पदार्थ, नॉर्मल आलं, की मूत्रपिंड ठणठणीत असं समजून माणूस निर्धास्त होतो. पण मूत्रपिंडाची जवळपास निम्मी क्षमता जाईपर्यंत क्रिएटिनिन नॉर्मलच्या मर्यादेत राहू शकतं. लघवीतलं अल्ब्युमिन त्याच्या कितीतरी आधी बोलू लागतं. मधुमेह असलेल्यांनी वर्षातून एकदा दोन्ही तपासण्या कराव्यात, असं आग्रहाने सांगावंसं वाटतं. टाइप 2 मधुमेहात तर निदान झालं त्याच वर्षापासून.

(दृश्य: तपासणीची पट्टी, रंग बदलताना.)

लघवीत बुडवायची पट्टी झटपट उत्तर देते, पण लघवी किती पातळ आहे यावर ते अवलंबून असतं. शिवाय ती मुख्यतः अल्ब्युमिन ओळखते. मल्टिपल मायलोमा या रक्ताच्या कर्करोगासारख्या आजारातली वेगळी प्रथिनं तिला चकवतात. जास्त भरवशाची तपासणी म्हणजे एसीआर, अल्ब्युमिन आणि क्रिएटिनिन यांचं प्रमाण. शक्यतो सकाळच्या पहिल्या लघवीवर. एक ग्रॅम क्रिएटिनिनमागे 30 मिलिग्रॅमच्या आत असेल तर ठीक. 30 ते 300 म्हणजे वाढलेलं, 300 च्या वर म्हणजे खूपच वाढलेलं.

एकाच रिपोर्टवरून मात्र घाबरू नका. ताप, लघवीचा जंतुसंसर्ग, दमछाक करणारा व्यायाम, यांनीही प्रथिन तात्पुरतं वाढतं. म्हणून साधारण तीन महिन्यांत पुन्हा तपासतात आणि वाढ टिकून आहे का ते पाहतात. याला अपवाद आहेत. गरोदरपणात विसाव्या आठवड्यानंतर रक्तदाबासोबत प्रथिन वाढलं, किंवा लहान मुलाच्या डोळ्यांभोवती सूज आली, तर वाट न पाहता डॉक्टरकडे जायचं.

उपचार आहेत, आणि ते खरोखर उपयोगी पडतात. साखर आणि रक्तदाब ताब्यात ठेवणं, दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ, तंबाखू बंद, मनाने वेदनाशामक गोळ्या घेणं बंद. आहारातलं प्रथिन परस्पर तोडू नका, ते किती घ्यायचं हे डॉक्टर ठरवतील. औषधांत एसीई इन्हिबिटर किंवा एआरबी या रक्तदाबाच्या औषधांच्या गटातली गोळी ग्लोमेरुलसमधला दाब कमी करते. अलीकडची एसजीएलटी-2 गटातली औषधं मुळात मधुमेहासाठी आली, पण मधुमेह नसलेल्या अनेक मूत्रपिंडरुग्णांनाही त्यांचा फायदा दिसला आहे.

ही औषधं सुरू केल्यावर क्रिएटिनिन आधी थोडं वाढू शकतं. ते पाहून अनेक जण गोळी परस्पर बंद करतात. तसं करू नका. दोन ते चार आठवड्यांत क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासून गोळी चालू ठेवायची की बदलायची, ते डॉक्टर ठरवतात. पुढच्या तपासणीत एसीआरचा आकडा उतरला असेल, तर गळती कमी होते आहे.