भीमेच्या वरच्या अंगाला, खालच्या अंगाला

मंडळी, सुरुवात पांढरीपासून करतो. माळवदाच्या घरात ज्यांचं लहानपण गेलं, त्यांना आठवत असेल. पावसाळ्याच्या तोंडावर गावालगतच्या टेकाडावरून पांढरी माती आणायची आणि माळवदावर पसरून चोपायची. ते टेकाड म्हणजे जुनं गाव. भिंती पडल्या, त्यांवर नव्या उठल्या, शेकडो वर्षांची राख, शेण, माती साचत गेली. आज इथे बोलायचंय ते जुन्या दफनांविषयी, म्हणून आधीच सांगतो, पांढरी म्हणजे कुणाची समाधी नव्हे. टेकाड दिसलं की खाली राजा पुरलाय, शेजारी मोहरांचा हंडा आहे, असं सांगणारा एक तरी भेटतोच. त्या हंड्यापायी रात्रीत खणून नासवलेली पांढरी मी पाहिली आहे. हंडा काही निघाला नव्हता.

पण गंमत अशी, की मेलेली माणसं पांढरीतही सापडतात.

आपल्या भीमेला वरच्या अंगाला घोडनदी मिळते. त्या घोडनदीच्या काठी, पुणे जिल्ह्यात, इनामगाव आहे. सांकलिया, ढवळीकर आणि अन्सारी या पुरातत्त्वज्ञांच्या देखरेखीखाली पुण्याच्या डेक्कन कॉलेजनं तिथे १९६८ पासून बारा हंगाम उत्खनन केलं. इसवी सनापूर्वी साधारण १६०० ते ७०० या काळातलं शेतकऱ्यांचं गाव, आणि त्यात दोनशेहून जास्त दफनं. कुठे? गावाबाहेर नाही, घरात. जमिनीखाली, नाहीतर अंगणात. लहान मूल गेलं की दोन मडकी घ्यायची, तोंडाला तोंड लावून आडवी ठेवायची, आत मूल. वर पुन्हा जमीन सारवायची आणि त्याच जमिनीवर संसार पुढे चालू. मोठ्या माणसाला खड्ड्यात उताणं निजवायचं, डोकं उत्तरेला. उत्तरेला डोकं करून झोपू नकोस, असं आजी का ओरडायची, हे इथे बसलेल्यांना वेगळं सांगायला नको. मात्र दोन गोष्टींमध्ये तीन हजार वर्षं आहेत, त्यामुळे एकीला दुसरीची आई ठरवायला मी तयार नाही.

मोठ्यांच्या बाबतीत आणखी एक प्रकार दिसतो. घोट्याखालची पावलं तोडलेली. उत्खनन करणाऱ्यांचा तर्क असा की मेलेल्यानं उठून कुठे जाऊ नये, घरातच राहावं. ही भीती होती की माया, हे हाडांवरून कळत नाही. मला विचाराल तर माया. ज्याची भीती वाटते त्याला कोणी चुलीशेजारी पुरत नाही.

एक माणूस मात्र यातून सुटला. पाच खोल्यांच्या घराच्या अंगणात चार पायांचा, पोट सुटलेला मातीचा रांजण निघाला, आणि त्यात एक पुरुष बसवलेला. पावलं शाबूत. गावचा मुखिया असावा, असं मानतात. सोलापुरात हे सांगितलं की लगेच लिंगायत समाजातल्या बसवून दफन करण्याच्या रीतीची आठवण निघते. आठवण होणं साहजिक आहे, पण तेवढ्यावरून नातं जोडू नका. बसणं हा माणसाच्या शरीराचा रोजचाच आकार आहे.

आता नदीच्या खालच्या अंगाला जाऊ. भीमा आपला जिल्हा सोडून कलबुर्गीकडे जाते, तिथे काठावर जेवरगी लागतं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला मेडोज टेलर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं तिथली दगडांच्या राशींची थडगी खणली. हा गृहस्थ आपल्या ओळखीचा निघतो, कारण सुरपूर संस्थानातल्या नेमणुकीनंतर, १८५३ मध्ये, त्याच्याकडे आपल्या शेजारच्या नळदुर्ग जिल्ह्याचा कारभार आला. त्याच्या काळात खणणं म्हणजे बहुधा वस्तू उचलणं असे. यानं थर कसे लागले, सांगाडा कुठल्या पातळीला होता, याचे उभे छेद काढून ठेवले. काहींची डोकी धडापासून वेगळी होती, हेही नोंदवलं. हे त्याचं मोठेपण. अर्थ लावताना मात्र त्याला इथल्या दगडांत केल्ट आणि सिथियन या परदेशातल्या प्राचीन टोळ्या दिसू लागल्या.

तिथल्या कानडी लोकांना विचारलं तर ते मोठ्या शिळांनी बांधलेल्या जुन्या थडग्यांना, पाषाणघरांना, 'मोर्यर मने' म्हणतात, मोर्यांची घरं. मोर्य म्हणजे वीतभर उंचीची माणसं, असं गोष्टीत सांगतात. थोरल्या शिळांच्या पेट्या, एका शिळेत गोल भोक. एवढ्या दारातून जाणारा माणूस केवढा असेल, या हिशेबानं ती गोष्ट जन्मली असावी. खरं पाहायचं तर कोप्पळ जिल्ह्यातल्या हिरे बेणकलला जा. गदगमार्गे रेल्वेनं कोप्पळ गाठता येतं. टेकडीवर शेकडो पाषाणघरं आहेत. पाणी आणि टोपी सोबत न्या, बाकी ऊन आपल्यापेक्षा कमी नाही.

आपल्या राज्यात थोरल्या दगडांची दफनं दाटीनं आहेत ती नागपूरभोवती. जुनापाणीला सुमारे तीनशे शिळावर्तुळं, म्हणजे दफनाभोवती रचलेली दगडांची कडी, आहेत. माहुरझरीला १९७०च्या सुमारास पुरातत्त्वज्ञ शां. भा. देव यांनी खणलं, तर माणसाशेजारी घोडा पुरलेला, त्याच्या तोंडावर तांब्याचे अलंकार. लोखंडाच्या कुऱ्हाडी, खंजीर, घोड्याचे लगाम निघाले. नैकुंडला तर लोखंड गाळायची भट्टीच मिळाली. तिथली खापरं आतून काळी, बाहेरून लाल. भांडं पालथं घालून भाजलं की आत हवा पोचत नाही, म्हणून आतली बाजू काळी पडते, असा त्याचा खुलासा देतात.

मला यातलं लोखंडापेक्षा अंतर महत्त्वाचं वाटतं. इनामगावात मेलेला माणूस पायाखाली आहे. शिळावर्तुळांच्या काळात तो घराबाहेर गेला, मुरमाड माळावर, जिथे नांगर चालत नाही. त्याच्याभोवती दहा-पंधरा मीटर व्यासाचं दगडांचं कडं रचलं. असे धोंडे एका घरानं हलत नाहीत, पाचपन्नास माणसं लागतात. म्हणजे दुःख घरचं राहिलं नाही, गावाचं झालं, आणि कुणासाठी किती माणसं येतील हाही प्रश्न आला. हा बदल बाहेरून आलेल्या लोकांनी आणला, हे जुनं उत्तर मला फार सोपं वाटतं.

टेबलावर नकाशा ठेवलाय. जाताना इनामगावावर बोट ठेवा आणि नदी धरून खाली जेवरगीपर्यंत न्या. वाटेत पंढरपूर लागेल.